चूल आढळली

सव्वीस वर्षं मी ठाण्यात चुली मोजल्या.
शिधावाटप निरीक्षक. हुद्दा काही मोठा नाही,
पण लोकमान्यनगरच्या बोळात शिरलो
की बायका नळावरच्या हंड्यांसकट बाजूला सरकत.
नियम सोपा होता:
एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.
रक्त, लग्न, भांडण, काही विचारायचं नाही.
चूल बघायची.

मथुरा ढवळेचा अर्ज होता, विभक्त कार्डासाठी.
नवरा वागळे इस्टेटला पॉवर प्रेसवर होता,
कंपनीला टाळं लागलं, मग त्यालाही काहीतरी लागलं,
दोन पावसाळ्यांत संपला.
ती दोन मुलींना घेऊन दिराच्या खोलीत.
तिघींची नावं दिराच्या कार्डावर,
तिघींचे गहू दिराच्या डब्यात,
डब्याला कुलूप.

दहा बाय बाराची खोली.
मधोमध खडूची रेघ, नुकतीच ओढलेली.
रेघेच्या अलीकडे शिलाई मशीन, दोन दप्तरं
आणि विटांवर मांडलेला वातीचा स्टोव्ह.
"ही माझी चूल, साहेब."
मी वाकलो. दहा वाती. दहाही कोऱ्या,
शाळेच्या पहिल्या दिवसाच्या मोज्यांसारख्या पांढऱ्या.
टाकीवर नाव कोरलेलं: स. भि. गायकर.
म्हणजे शेजारचा. एका सकाळीपुरता.

हात ठेवून पाहायची पद्धत असते, तसा ठेवला.
थंडगार.
इतकं थंड लोखंड
मला फक्त कचेरीतल्या कपाटाचं माहीत होतं.

थोरली, सात-आठ वर्षांची, वैजू, पुढे आली.
"पेटवून दाखवू?"
आई म्हणाली, गप गं.
"मग रॉकेल कुठाय?"
मला विचारत होती की आईला, कळलं नाही.
रॉकेल कार्डावर मिळायचं.
कार्ड चुलीवर.
चूल रॉकेलवर.
मी रेघेवर उभा, एक बूट दिराच्या हद्दीत.

विभागीय परीक्षेसाठी पाठ केलं होतं मी,
राज्य प्रयत्नशील राहील.
कुणाच्या पोटासाठी, कुणाच्या औषधासाठी, म्हातारपणासाठी,
कलमांचे आकडे झोपेतही सांगितले असते.
पाचपैकी पाच मार्क.
प्रयत्नशील म्हणजे नेमकं काय करायचं
हे प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चूल आढळली.
पेन तिथेच थांबायला हवं होतं.
पण मी प्रामाणिक माणूस, तसा माझा लौकिक होता,
म्हणून पुढे लिहिलं: पेटलेली नाही.

फाइल वरून परत आली, तांबड्या शाईत,
"खुलासा करावा."
टाकीत रॉकेल का नाही
याचा खुलासा मी वर मागायला हवा होता.
मी तो मथुराबाईकडे मागितला.
लेखी. सात दिवसांच्या आत.
तिनं दिलाही, वैजूच्या अक्षरात,
वहीच्या दुरेघी पानावर:
आम्ही तिघी वेगळं जेवतो, जेवतो तेव्हा.

कार्ड निघालं अकरा महिन्यांनी.
स्वतः घेऊन गेलो, असं करायची रीत नव्हती तरी.
खोलीत रेघ नव्हती.
दीर म्हणाला, दिघ्याला गेली.
समोरचा म्हणाला, कळव्याच्या पलीकडे कुठंतरी.
गायकरांची म्हातारी दारात तांदूळ निवडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"स्टोव्ह घासून परत केला हो तिनं.
वाती मात्र तिच्याच पैशाच्या होत्या, नव्या आणलेल्या.
मी म्हटलं काढून ने.
तर म्हणाली, राहू दे, साहेब पुन्हा आले तर."

ते कार्ड मी कचेरीत जमा केलं.
पावती आहे.

आता वर्तकनगरला मुलाचा फ्लॅट, पाइपचा गॅस.
रात्री पाणी प्यायला उठतो
तेव्हा अंधारातच हात बर्नरवर जातो,
थोडा वेळ तिथंच राहतो.
सून आतून म्हणते, "बाबा, बंद केलाय मी."
तिला वाटतं,
मी गॅस तपासतो.